२०० चा प्लॅन, स्पीड कायम ९४. मोडेम बदलू का?

चहाबाज पार्लेकरीण | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, मदत हवी आहे. विलेपार्ले पूर्व, चार मजली जुनी बिल्डिंग, आम्ही तिसऱ्यावर. नेट गेली सहा वर्षं गल्लीतल्याच एका केबलवाल्याकडून. मार्चमध्ये १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा केला. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, लेकाचे क्लास ऑनलाइन, आणि सासऱ्यांना संध्याकाळच्या बातम्या यूट्यूबवरच लागतात. (टीव्हीवर त्याच लागतात. असो.)

पैसे २०० चे जातात, स्पीड टेस्ट लावली की ९४. दुपारी ९४, रात्री ९३.८. परवा पहाटे साडेपाचला मुद्दाम उठून पाहिलं, ९४.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "मॅडम, मोडेम जुना झालाय, नवीन घ्या, २,८०० रुपये." हा डबा दीड वर्षापूर्वी त्यांच्याच माणसाने लावलाय. दीड वर्षात मोडेम म्हातारा होतो का? आणि मुळात तो करतो काय? सासरे म्हणतात माळ्यावर एमटीएनएलचा जुना मोडेम आहे, तो लावून बघ, चांगला चालायचा.

खडूस मुलुंडकर | रात्री ९:२०

केबलवाला सोडा, बिनतारी एअरफायबर घ्या. धागा बंद.

अडाणी पण उत्साही | रात्री ९:३१

ताई, तुम्ही ९४ ला रडताय, माझा १५० चा प्लॅन आहे आणि डाउनलोड लावलं की ११.७ दिसतं. मला तर सरळ लुटलंय.

बिटबाळू | रात्री ९:४४

@अडाणी, ते ११.७ मेगाबाइट आहेत. कंपनी बिटमध्ये विकते, तुझा ब्राउझर बाइटमध्ये मोजतो, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. सोन्याचा भाव तोळ्यात सांगून वजन ग्रॅममध्ये केल्यासारखं आहे. ११.७ गुणिले ८ म्हणजे ९३.६.

थांब. तुझंही ९४ च आलं की. तुझ्याकडे नंतर येतो.

@पार्लेकरीण, एकच सांगा. टेस्ट वायफायवर केलीत की लॅपटॉपला वायर लावून?

चहाबाज पार्लेकरीण | रात्री ९:५०

दोन्ही. वायफायवर राउटरशेजारी बसून ९३-९४, वायरने ९४. स्वयंपाकघरात जाऊन केली तर ४० सुद्धा येतो, पण तिथे मधे दोन भिंती आणि फ्रीज आहे.

बिटबाळू | रात्री १०:०८

मग अजून काही विकत घेऊ नका.

वायफाय मुळात एका आकड्यावर बसत नाही. शेजारच्याचं राउटर, भिंत, मायक्रोवेव्ह, कशानेही हलतं. लाइनवर गर्दी असती तर रात्री दहाला पडलं असतं आणि पहाटे साडेपाचला वर गेलं असतं. तुमचा आकडा दिवसभर खिळा मारल्यासारखा ९४ आहे. आमच्या धंद्यात ९४ ऐकलं की माणूस राउटर बघत नाही, वायर बघतो.

लॅनच्या वायरीवर १०० मेगाबिटचा वेग ठरला की त्यातले पूर्ण १०० तुमच्या हाती येत नाहीत. डेटा पुडक्यांमध्ये जातो. एक भरलेलं पुडकं वायरीवर १,५३८ बाइटची जागा खातं. त्यात पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पुडक्यांमधली सक्तीची मोकळी जागा धरून तुमचा माल फार तर १,४६० बाइट. भागाकार करा, ९४.९ येतात. आणखी बारीकसारीक वजावट होऊन ९४. म्हणजे तुमच्या घरापासून गच्चीवरच्या केबलवाल्याच्या स्विचपर्यंत (घरोघर वायरी वाटणारा डबा) कुठेतरी एक कडी १०० मेगाबिटची आहे आणि ती आपलं काम चोख करतेय. प्लॅन ५०० चा घेतलात तरी ९४ च येणार.

उद्या उजेडात दोन गोष्टी बघा. राउटरच्या खालच्या लेबलवर "गिगाबिट" किंवा १०/१००/१००० लिहिलंय का. आणि बाहेरून आलेल्या वायरीची क्लिप पारदर्शक असते, आत किती रंगांच्या तारा दिसतात ते मोजा.

तारकरी | रविवार, सकाळी ७:३५

बिटबाळूंनी रोगाचं निदान केलंच आहे. पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला, मोडेम करतो काय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३१ वर्षं काढली आहेत आणि रविवार आहे, तेव्हा पाल्हाळ सहन करा.

मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर, दोघांची पहिली अक्षरं जोडून मोडेम. टेलिफोनची तांब्याची जोडी माणसाच्या आवाजासाठी टाकलेली. एक्स्चेंज त्यातला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे सोडायचं. कॉम्प्युटरचे शून्य-एक जसेच्या तसे त्यातून जात नाहीत. मग त्यांना सुरात बसवायचं. एका टोकाचा मोडेम गातो, दुसऱ्या टोकाचा ऐकून परत शून्य-एक उतरवतो. डायल केल्यावर जी किर्रर्र-खर्रर्र ऐकू यायची, ती दोन मोडेमची बैठक: लाइनवर खरखर किती, तुला कुठला वेग झेपतो, कुठल्यावर जमवायचं. बैठक जमली की स्पीकर बंद आणि गाणं सुरू. घरात कुणी दुसरा रिसीव्हर उचलला की मैफल मोडलीच.

वेग ५६ केबीपीएसवर का अडकला हे फार कमी लोकांना माहीत असतं. एक्स्चेंज आवाज डिजिटल करताना सेकंदाला ८,००० वेळा माप घ्यायचं, दर मापाला ८ बिट. झाले ६४,०००. ही त्या रस्त्याची रुंदी. त्यातून १९९८ च्या व्ही.९० मानकाने कागदावर ५६ हजार काढून दाखवले, तेही फक्त येताना. जाताना ३३.६ हजारच. आमच्याकडे काटा ४५ च्या पुढे गेला तर मी बायकोला बोलावून दाखवायचो. ती काही बोलायची नाही.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट उघडलं, मुंबई पहिल्या खेपेतच होती. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात चित्र नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तरी पोरं रात्र रात्र बसायची.

पुढचा टप्पा एडीएसएल, तुमच्या माळ्यावरचा. तांबं तेच, पण आवाजाच्या वरचा मोकळा पट्टा वापरात आणला. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली, डेटा २५ च्या वरून थेट ११०० किलोहर्ट्झपर्यंत. म्हणून फोन आणि नेट एकदम चालायचं. फोनच्या मागे लावायची ती छोटी पांढरी डबी दोघांना वेगळं करायची. हा मोडेम तो पट्टा २५६ फाकांत कापतो आणि प्रत्येक फाक वेगळी तपासतो. जिथे लाइन स्वच्छ तिथे जास्त बिट चढवायचे, जिथे खरखर तिथे कमी, अगदीच वाईट फाक असेल तर सोडून द्यायची. तांब्यात वरच्या फाका आधी मरतात. एक्स्चेंजजवळच्या घराला जे मिळायचं ते तीन-चार किलोमीटरवर मिळायचं नाही, आणि कस्टमर मात्र मला विचारायचा, "शेजारच्या गल्लीत कसं काय येतं?"

पावसाळ्यात तर विचारूच नका. टेलिफोनच्या जोड्या वाटणाऱ्या डीपीच्या पेटीत पाणी, जॉइंटवर हिरवा गंज. फोनवर थोडी खरखर यायची, तेवढ्यात निम्म्या फाका गेलेल्या असायच्या. लोक मोडेम बदलायचे. आम्ही जॉइंट कापून नवा केला की तोच जुना मोडेम धावायचा.

ताई, तो माळ्यावरचा लावता येणार नाही. त्याला टेलिफोनची जोडी लागते, तुमच्याकडे येते ती लॅनची वायर. तोंडही जुळत नाही.

चहाबाज पार्लेकरीण | सकाळी ९:०२

काका, सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. बायकोला बोलावून दाखवण्याच्या वाक्यावर ते हसले, सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा प्रश्न: लाइट गेले तरी जुना फोन चालायचा, आता नेट का बंद पडतं?

तारकरी | सकाळी ९:२५

फोनला वीज तुमच्या घरची नव्हतीच. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट त्याच दोन तारांवरून यायचे, आणि आमच्याकडे जनरेटर असायचा. आता घरातल्या डब्यालाही वीज हवी आणि गच्चीवरच्या स्विचलाही. घरी छोटा यूपीएस लावलात तरी गच्चीवरच्या स्विचची वीज गेली की संपलं.

खडूस मुलुंडकर | सकाळी ९:४०

काकांना सलाम. पण २०२६ कडे या. मोडेम वगैरे इतिहास झाला. एअरफायबर घ्या, तार नाही, मोडेम नाही.

बिटबाळू | सकाळी १०:१५

खडूसराव, नेमकं उलटं बोललात.

आज ताईंच्या घरात मोडेम नाहीच. गल्लीतल्या लॅन वायरीवर इथरनेट येतं, ते थेट राउटरला लागतं. राउटरचं काम घरातल्या सगळ्या यंत्रांना एका कनेक्शनवर बसवणं आणि वायफाय देणं. सवयीने सगळे त्याला मोडेम म्हणतात, केबलवालाही.

खरा मोडेम तुमच्या एअरफायबरमध्ये आहे. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर जो डबा लावतात तो ५जी टॉवरशी रेडिओवर बोलतो, लहरीच्या उंची आणि कलेमध्ये (फेजमध्ये) बिट बसवतो. एका ठोक्यात ८ बिटसुद्धा, सिग्नल चांगला असेल तर. काकांच्या फाकांचीच गोष्ट, फक्त तांब्याऐवजी हवा आणि फाका हजारोंनी. नावात फायबर आहे, तुमच्या घरापर्यंत फायबर नाही. जिओने २०२३ च्या गणेश चतुर्थीला ते मुंबईसह आठ शहरांत आणलं तेव्हा माझ्या मामांनी गच्चीवर फायबर शोधलं होतं.

चांगलं चालतं, वाईट नाही. पण टॉवर वाटून घ्यावा लागतो, आणि समोर नवा टॉवर (सिमेंटचा) उभा राहिला तर सिग्नल गेला. पार्ल्यात पुनर्विकास कसा चाललाय ते तुम्ही बघताच.

गच्चीवरचा कावळा | सकाळी ११:०३

आमच्याकडे दहिसरला टीव्हीच्या जाड काळ्या केबलवरून नेट होतं, त्यालाही मोडेम होता ना?

बिटबाळू | सकाळी ११:१०

हो, अस्सल मोडेम. त्या पद्धतीचं नाव डॉक्सिस. टीव्हीच्या चॅनलसारखेच काही चॅनल नेटला दिलेले असतात. तांबं असूनही वेग भरपूर, पण अख्खी गल्ली एकाच केबलवर. आयपीएलच्या रात्री कळायचं.

चहाबाज पार्लेकरीण | सकाळी ११:४८

मोजल्या. चार तारा आहेत. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी. लेबलवर १०/१००/१००० आहे, म्हणजे डबा निर्दोष.

पण मला तर त्याने "फायबर" म्हणून विकलंय! बिलावरही तसंच आहे.

बिटबाळू | दुपारी १२:२०

सापडलं.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी आणि तपकिरी तुमच्या क्लिपमध्ये नाही, म्हणजे दोन्ही टोकांना कितीही भारी यंत्र लावा, १०० च्या वर जमणार नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन पोर्टसमोर (बाहेरची वायर लागते तो) "१०० एमबीपीएस" दिसेल, बघा.

उरलेल्या दोन जोड्या कुठे गेल्या हा खरा गमतीचा प्रश्न आहे. मला शंका आहे, पण आधी माणूस येऊ द्या.

फायबरबद्दल: फायबर बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत असेल, तिथे स्विच, तिथून खाली तांबं. मुंबईत निम्म्या "फायबर"ची हीच कथा. आणि गच्चीवरून उघड्यावर येणारी तांब्याची वायर म्हणजे पहिल्या वळवाच्या विजेत पोर्ट जळायला आमंत्रण.

घरापर्यंत फायबर म्हणजे वेगळं. केसापेक्षा किंचित जाड काच, १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश चालतो तो मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. एक्स्चेंजच्या बाजूने सेकंदाला जवळपास २.५ गिगाबिट निघतात. मधे काचेचाच स्प्लिटर, त्याला वीज लागत नाही, तो एका किरणाचे ३२ किंवा ६४ करतो. येणारा प्रकाश सगळ्या घरांना सारखाच पोचतो, प्रत्येकाचा डबा आपल्या पत्त्याचं तेवढं उचलतो, बाकी कुलूपबंद असल्याने वाचता येत नाही. जाताना मात्र सगळे एकदम बोलले तर गोंधळ, म्हणून प्रत्येकाला वेळ वाटून दिलेली. येणं १,४९० नॅनोमीटरवर, जाणं १,३१० वर, त्यामुळे एकाच काचेतून दोन्ही दिशा. दोन्ही प्रकाश डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून तोंड काढून आत बघू नका, लेकालाही सांगा.

तारकरी | दुपारी १२:५५

एक दुरुस्ती. घरातल्या त्या फायबरच्या डब्याला मी मोडेम म्हणेन. लेझर चालू-बंद करून बिट बसवणं हे मॉड्युलेशनच.

बिटबाळू | दुपारी १:०२

काका, त्या हिशेबाने टॉर्च उघडझाप करणारा पोरगाही मोडेम.

तारकरी | दुपारी १:०६

आहेच की. समोरच्या गॅलरीतली मुलगी डिमॉड्युलेटर.

खडूस मुलुंडकर | दुपारी १:१५

काका, नव्वद टक्के जनतेचं लग्न असंच जमलंय. हलके घ्या.

गच्चीवरचा कावळा | दुपारी २:४०

अवांतर: वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, म्हणजे परदेशातून देशात येणाऱ्या नेटचा मोठा वाटा पार्ल्यापासून रिक्षाच्या अंतरावर जमिनीवर चढतो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा आमचं ऑफिस दोन दिवस कासवाच्या चालीने चाललं होतं. आणि इथे ताईंचं गाडं जिन्यात चार तारांपाशी अडलंय.

आणि फायबर ज्यांच्याकडे आहे त्यांनी लाल दिवा पेटला की घाबरू नका. हिरव्या टोकाची पिवळी किंवा पांढरी वायर सोफ्याखाली दुमडली असेल ती आधी सरळ करा. माझ्याकडे टेक्निशियनने मीटर लावलं तर प्रकाश उणे २९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). त्या डब्यांना उणे २७ पर्यंतच दिसतं. कपाट चार बोटं सरकवलं, उणे २१ झालं.

चहाबाज पार्लेकरीण | बुधवार, रात्री ८:३०

अहवाल.

सोमवारी टेक्निशियन आला. तोही "मोडेम" म्हणायला लागला, मी क्लिप दाखवून निळी-तपकिरी कुठे विचारलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही आयटीत आहात का?" मी एचआरमध्ये आहे.

आम्ही वायरीच्या मागे मागे जिन्याने वर. चौथ्या मजल्याच्या खिडकीपाशी वायरीचं साल सोललेलं, त्यावर काळी टेप. निळी आणि तपकिरी जोडी तिथून बाहेर काढून चौथ्यावरच्या काकांच्या घरात गेलेली. गच्चीवर त्याच वायरीच्या शेपटीला दोन क्लिपा, स्विचच्या दोन पोर्टमध्ये. सहा वर्षं आमच्या दोघांचं नेट एकाच वायरीत नांदत होतं आणि दोघंही पूर्ण बिल भरत होतो.

वर स्विचसुद्धा १०० वालाच निघाला. म्हणजे आठ तारा असत्या तरी ९४ च. तो काल बदलला, आज आम्हाला वेगळी वायर टाकली. आत्ता १९७. प्लॅनचा फरक चार महिन्यांचा मागितला, एका महिन्याचा देतो म्हणाला. फायबर थेट घरात द्या म्हटलं, तर बिल्डिंगमधली अजून पाच घरं तयार करा म्हणतो. सासऱ्यांनी कामगिरी अंगावर घेतली आहे.

काल स्विच बदलताना चौथ्यावरच्या काकांचं नेट तासभर बंद होतं. ते खाली येऊन मलाच म्हणाले, "तुमच्यामुळे गेलं, तुम्ही फार वापरता." त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

बिटबाळू | रात्री ८:४१

शंका होती तीच. दोन घरांना एक वायर, मुंबईतली जुनी कला. त्यांच्या प्लॅनमध्ये १०० च असेल तर त्यांना कळणारही नाही.

तारकरी | रात्री ८:५८

ताई, माळ्यावरचा मोडेम भंगारात देणार असाल तर ती पांढरी डबी वेगळी काढून ठेवा. माझी हरवली आहे.

अडाणी पण उत्साही | रात्री ९:२०

बाळूदादा, माझ्याकडे नंतर येतो म्हणाला होतास. क्लिप बघितली, आठही रंग आहेत. वायर चांगली आहे. तरी ११.७.

बिटबाळू | रात्री ९:२६

राउटर उलटा कर. लेबलवर काय आहे?

अडाणी पण उत्साही | रात्री ९:३३

१०/१००. त्यापुढे काही नाही.

बिटबाळू | रात्री ९:३४

तुझा बदल.